जमिनीला फुटलेला पान्हा

सकाळचे नऊ वाजले होते आणि शेताच्या चारही बांधांवर मिळून सहाशे तरी माणसे उभी होती. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली, कोणी वर्तमानपत्राचा नुसता पुडा करून आणलेला. शेतात पीक नव्हते, तण नव्हते, गवताची काडीही नव्हती. होता तो फक्त पांढरा रंग. दोन एकरांच्या त्या तुकड्यावर कोणी पिठाची चाळण धरून फिरावे, तसा एक मऊ, बारीक, उन्हात चकाकणारा थर पसरला होता. परवा हीच जमीन काळी आणि ओली होती, हे शेजारी उभ्या असलेल्या शिंप्याने मला तिसऱ्यांदा सांगितले, आणि त्याच्या आवाजातले आश्चर्य तिसऱ्या वेळीही पहिल्याइतकेच ताजे होते.

शेताच्या सखल कोपऱ्यात एक दगडी चौथरा होता. त्यावर बसलेल्या गृहस्थाला लोक पान्हेस्वामी म्हणत.

"लेकरू रडलं की आईला पान्हा फुटतो," स्वामी ध्वनिक्षेपकातून सांगत होता. "तुम्ही रडलात, म्हणून धरणीला फुटला. यात चमत्कार कसला? साधी गोष्ट आहे."

चमत्कार नाही असे म्हणत चमत्कार खपवण्याची ही कला मी प्रथमच पाहत होतो, आणि तिच्यातील कारागिरी मान्य करणे मला भाग आहे. शेतात काही पिकत का नाही, असे कोणी विचारले तर स्वामी म्हणे, जी आई दूध पाजते तिच्याकडे धान्य मागायला लाज वाटली पाहिजे. शनिवारी शेताला 'स्नान' घातले जाई, म्हणजे विहिरीवरचा पंप सोडून सगळा तुकडा भिजवला जाई, आणि सोमवारी पान्हा फुटे. एखाद्या सोमवारी ढगाळ हवा असली आणि थर आलाच नाही, तर गर्दीत कोणीतरी शंकेखोर उभा आहे असे निदान होई. मग सहाशे माणसे आभाळाकडे न पाहता एकमेकांकडे पाहू लागत.

त्या दिवशी एकाने तोंड उघडले. दुधाच्या टँकरचा हा चालक, मला तिथे घेऊन आलेला, माझाच विद्यार्थी होता.

"स्वामी, दूध आहे तर खारट का लागतं? आमच्या डेअरीत असलं दूध परत पाठवतात."

काही लोक हसले. स्वामीही हसला, आणि हसण्यात त्याचा मुळीच तोटा झाला नाही.

"आई तुमच्यासाठी रडते, बाळा. दुधात तिचे अश्रू उतरतात. तुला वाटतं मीठ आहे? मग हे वाच." चौथऱ्यामागच्या खांबावर काचेच्या चौकटीत एक कागद टांगला होता. "कॉलेजचा कागद आहे. या जमिनीत मीठ नाही, असं शिकल्यासवरल्या माणसांनी लिहून दिलंय. जमिनीत मीठ नाही आणि जिभेला खारट लागतं, तर मग ते काय असणार? तूच सांग."

हे अनुमान सहाशे मानांनी डोलून स्वीकारले. माझी मान डोलली नाही. चौकटीतल्या कागदाच्या तळाशी जी सही होती, ती माझी होती.

मी एका सामुदायिक महाविद्यालयात शेती आणि नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवतो. प्रवेशाला वयाची अट नाही, त्यामुळे वर्गात टँकरचालक असतो, निवृत्त पोस्टमन असतो, आणि त्या वर्षी चाळिशीला आलेली एक बाई होती. तिला सगळे ताई म्हणत; मीही म्हणत असे. प्रवेशअर्जावर 'उद्देश' असा एक रकाना आहे. इतर दहा जणांनी त्यात ज्ञानप्राप्ती, स्वावलंबन असे शब्द लिहिले होते. ताईने लिहिले होते : वडिलांचे शेत पुन्हा पिकवणे. ते शेत हेच.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या जमिनीची माती आणून तपासायची असते. ताईने आणली, स्वतः वाळवली, चाळली, उपकरणावर मोजली आणि आकडे माझ्यापुढे ठेवले. क्षारांचे प्रमाण : सामान्य. मी आकडेमोड दोनदा पडताळली, शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि सही केली. आपण काटेकोर आहोत याचा मला अभिमान होता. काटेकोरपणे केलेली चूक ही साध्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

गर्दीला वाटप सुरू होण्याआधी शेताच्या धन्याने चमचाभर पान्हा घ्यायचा, असा स्वामीचा दंडक होता. त्यासाठी खुर्चीवर बसवून आणलेल्या म्हाताऱ्याला मी ओळखले नाही, पण त्याला पाण्याचा पेला देणाऱ्या बाईला ओळखले. ते ताईचे वडील, अण्णा. त्यांच्या पायांना एवढी सूज होती की चपलांचे पट्टे सोडून द्यावे लागले होते. त्यांनी चमचा तोंडात रिकामा केला, डोळे मिटले आणि गिळले. मग ओळ पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी ताईला थांबवले. अण्णांना काय झाले आहे, असे विचारले. हृदय अशक्त झाले आहे, ती म्हणाली; अंगात पाणी साठते, आडवे झाले की श्वास लागतो. डॉक्टरीणबाईंनी मीठ पूर्ण बंद केले आहे. वर्षभर तिच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबासुद्धा नाही; घरातले सगळेच अळणी जेवतात, म्हणजे अण्णांना एकट्याला वाईट वाटू नये. तरीही सूज उतरत नाही. डॉक्टरीणबाई दर वेळी तिच्याकडे रोखून पाहतात आणि विचारतात, खरं सांगा, कुठून तरी मीठ जातंय का पोटात.

"आणि ते चमचाभर?"

"ते मीठ नाही ना, सर. मीच तपासलीय माती. तुम्ही सही केलीत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवशी मी तिला महाविद्यालयाच्या मागच्या वाफ्यावर नेले, हातात खुरपे दिले आणि सांगितले, की शेतातून माती कशी घेतली तेवढे करून दाखवा. ती गुडघ्यांवर बसली. वाफ्यावरचा पालापाचोळा बाजूला सारला, खुरप्याने वरचा दोन बोटे थर खरवडून टाकला, खाली वीतभर खड्डा घेतला आणि खड्ड्याच्या कडेची माती कापून घमेल्यात घेतली. हालचाल सुबक होती. मी शिकवले होते अगदी तशी.

"वरचा थर का टाकलात?"

"तुम्हीच सांगितलंत. वरची घाण नमुन्यात येता कामा नये."

नियम खरा आहे. खत किती घालावे हे ठरवायचे असेल, तर माती अशीच घ्यावी लागते. परंतु जिथे क्षार वर येऊन बसतात तिथे वरचे दोन बोटे वेगळे घ्यावे लागतात, कारण रोग त्या दोन बोटांतच असतो. हा अपवाद मी दुसऱ्या सत्रात शिकवतो. माती तपासायची पहिल्या सत्रात, आणि अपवाद दुसऱ्या सत्रात : हा क्रम मीच आखला होता, आणि बारा वर्षे त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. ताईने त्या शेतात जाऊन, नियमाप्रमाणे, तो सगळा पांढरा थर काळजीपूर्वक खरवडून फेकून दिला होता आणि उरलेल्या मातीचा निर्दोष अहवाल आम्ही दोघांनी मिळून तयार केला होता.

टँकरचालकाच्या डब्यात पान्हा होताच. आम्ही तो पाण्यात विरघळवून मोजला. उपकरणाचा काटा शेवटच्या खुणेच्या पलीकडे जाऊन थांबला. ताईने उपकरण पुसले आणि पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

ती त्याच पावली घरी गेली आणि अण्णांच्या उशाशी ठेवलेला डबा नाल्यात ओतून आली. परंतु घरी भक्तांची ये-जा होती आणि स्वामीचा माणूस रोज नवा पुडा आणून देत होता. आठवड्याने अण्णांना रुग्णालयात हलवावे लागले.

इकडे आम्ही वर्गात एक प्रयोग मांडला, कारण उपकरणावरचा आकडा लोकांना दाखवून काही उपयोग नव्हता. एक आकडा त्यांच्याकडे आधीच होता, काचेच्या चौकटीत. आम्ही दोन टब घेतले. दोन्हींत महाविद्यालयाच्या मुतारीमागची माती भरली. पोस्टमनकाका म्हणाले, या जागेबद्दल कोणाचीही भक्ती असण्याची शक्यता नाही. दोन्हींना अण्णांच्या विहिरीचे तेच मचूळ पाणी सारखे मोजून घातले. फरक एकच : एका टबाच्या बुडाला भोक होते, दुसऱ्याचे मेणाने बंद केलेले. दोन्ही टब व्हरांड्याच्या उन्हात ठेवले. भोकाच्या टबातून जादा पाणी खालच्या ताटलीत गळत राहिले आणि बरोबर आपले मीठ घेऊन गेले. बंद टबातले पाणी खाली जाऊ शकेना. ते दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीतून वर चढे, उन्हाने उडून जाई, आणि मीठ मागे ठेवून जाई. तिसऱ्या आठवड्यात मुतारीमागच्या मातीला उत्तम प्रकारचा पान्हा फुटला.

ताई तो टब रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेली. मी बरोबर होतो. अण्णा उशांना टेकून बसले होते, नाकाला प्राणवायूची नळी होती. तिने टब पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि सगळे समजावून सांगायला सुरुवात केली : भोक, मेण, वात. ती चांगली शिकली होती. अण्णांनी एक बोट टबातल्या मातीला लावले आणि तिला मध्येच थांबवले.

"मीठ फुटलंय," ते म्हणाले. "मला कळत नाही होय? जन्म गेला मातीत."

"मग अण्णा, खात का राहिलात?"

अण्णांनी बोट चादरीला पुसले.

"पहिल्यांदा कोपऱ्यात फुटलं तेव्हाच कळलं होतं, शेत चाललं. कोणाला सांगू? हा बाबा आला आणि म्हणाला, दूध आहे. लोक पाया पडायला लागले. मेलं म्हणण्यापेक्षा देवाचं झालं म्हणायला जीभ लवकर वळते गं. पण मनात म्हणायचो, मीठच आहे हे. आणि चमचा तोंडात धरून ठेवायचो, नंतर थुंकायचो."

"मग?"

"मग तुझा कागद आला. बाबानं तो माझ्याकडून मागून नेला आणि टांगला." त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही, मी कोण हे त्यांना सांगायचे राहूनच गेले होते. "म्हटलं, आपली जीभ म्हातारी झाली. पोरगी शिकतेय, तिच्या सरांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. त्या दिवसापासून गिळायला लागलो."

मी आयुष्यभर असे प्रतिपादन करत आलो, की माणसाने बुवाच्या शब्दापेक्षा तपासलेल्या पुराव्यावर विश्वास ठेवावा. त्या सहाशे माणसांत एका माणसाने नेमके तेच केले होते. त्याच्यापाशी चांगली जीभ होती आणि चाळीस वर्षांचा अनुभव होता. स्वामीच्या शब्दाखातर त्याने आपली शंका सोडली नव्हती. ती त्याने माझ्या सहीखातर सोडली.

ताईने विचारले, शेताचा जुना चर कुठे गेला. जादा पाणी वाहून नेणारा एक चर तिला लहानपणचा आठवत होता.

"त्याच्या चौथऱ्याखाली. जागा त्यानंच दाखवली. म्हणाला, आसन सखल कोपऱ्यातच हवं. दगड मी वाहून दिले." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझ्या आईनं आणि मी खणला होता तो. एका उन्हाळ्यात. उघड तेवढा."

तिने होय म्हटले. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितले, की आता पाणी काढण्याची औषधे लागू पडत नाहीत. महिनाभर आधी मीठ थांबले असते तर कदाचित. चौथ्या दिवशी सकाळी, ताई चहा आणायला खाली गेली असताना, अण्णा गेले.

स्वामीने पुढच्या सोमवारी ध्वनिक्षेपकावरून शोक व्यक्त केला आणि खुलासाही केला. मरणाआधी त्यांच्या मनात कोणीतरी शंका भरली होती; शंका घेतली की दूध नासते. हे ऐकून काही बायकांनी ताईकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरू शकत नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी ताई अकरा वाजता शेतात आली. शेत आता तिचे होते. तिच्यामागे आमचा वर्ग होता : पहार, कुदळी, घमेली आणि तो टब. स्वामीने बजावले, की आसनाला हात लावाल तर दगडातून रक्त येईल. टँकरचालक म्हणाला, "येऊ द्या, बाटल्या आहेतच," आणि त्याने पहार उचलली.

आधी मी बोललो. मी सांगितले, की चौकटीतला कागद माझा आहे आणि तो चुकीचा आहे. तो कसा चुकला हे मी खुरपे घेऊन, जमिनीवर बसून, वरचे दोन बोटे खरवडून दाखवले. गर्दीत कुजबुज झाली. शिंप्याने रास्त प्रश्न विचारला :

"तुमचा तेव्हाचा कागद खोटा, तर आजचं बोलणं खरं कशावरून?"

"मला खरं मानू नका. इथेच उभे राहा आणि बघा. या चौथऱ्याखाली काय निघतं ते बघा, मग पंधरा दिवसांनी पुन्हा या आणि आज इथे खणू त्या खड्ड्यातलं पाणी किती खाली गेलं ते स्वतः मोजा. माझी सही बघू नका, त्याचं आसन बघू नका. कोणीही काहीही सांगितलं, की एवढंच विचारा : हे कुठून घेतलं, कसं तपासलं, आणि मला करून दाखवता का?"

त्याहून मोठे तत्त्वज्ञान माझ्यापाशी त्या दिवशी नव्हते, आजही नाही.

चौथऱ्याचे तीन थर निघाल्यावर चराचे तोंड सापडले. त्यात वाळूची पोती एकावर एक, नीट रचून ठोसली होती आणि वर सिमेंट ओतले होते. दगड आपोआप ढासळले असते तर मी स्वामीला संशयाचा फायदा दिला असता. पोती आपोआप रचली जात नाहीत. शेवटचे पोते ओढताच काळे, कुबट पाणी भसाभस बाहेर आले आणि रस्त्याकडेच्या ओढ्याकडे धावले. ते दिवसभर वाहत होते. रक्त आले नाही. स्वामी मात्र, माता रुसून गेली असे जाहीर करून, एका भक्ताच्या मोटारसायकलवर बसून तिच्यामागे गेला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.

लोक हळूहळू पांगले. ताई चराच्या काठावर बसली होती. शेत पिकायला किती दिवस लागतील, असे तिने विचारले. चर उघडा राहिला आणि गोडे पाणी मिळाले तर तीन-चार हंगाम, मी सांगितले. मग तिने विचारले, की पहिल्याच वेळी वरचा थर घेतला असता तर अण्णा किती जगले असते. याचे उत्तर कोणत्याही उपकरणावर मोजता येत नाही. मी तिला तसे सांगितले. हृदय आधीच अशक्त होते, हेही सांगता आले असते. ते खरे होते, आणि म्हणूनच त्याच्याआड लपणे सोपे होते; ते मला बोलवले नाही.

तेवढ्यात एक वयस्क बाई खाली उतरली. तिने पिशवीतून बाटली काढली, चरातून वाहणाऱ्या त्या काळ्या पाण्याने भरली आणि झाकण लावले. इतक्या वर्षांचे दूध साठलेले होते ना आत, ती स्वतःशीच म्हणाली. घरी नवरा अंथरुणाला खिळला आहे, असेही ती पुटपुटली.

माझ्या तोंडाशी एक कठोर वाक्य आले होते. ताई माझ्याआधी उठली.

"काकू, काकांना काय होतंय?"

"पाय सुजलेत बाई. श्वास लागतो."

ताईने बाटली मागितली नाही. बाई रस्त्याकडे निघाली तशी ती तिच्याबरोबर चालू लागली. माझे वडील त्या तिथे खुर्चीवर बसायचे, असे ती सांगत होती, आणि त्यांचेही पाय असेच होते. पुढचे शब्द मला ऐकू आले नाहीत. वळणावर पोहोचल्यावर दोघी थांबल्या. ताई हाताने काहीतरी दाखवत होती : बोटांनी भोक, तळहाताने माती, मग वर चढणारे पाणी. बाई पिशवी छातीशी धरून ऐकत होती. तिने एक प्रश्न विचारला असावा, कारण ताईने मान हलवली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.